‘अतिक्रमण’ नेमकं कुणाचं? आदिवासी, जंगल आणि आपण

मार्च २०१८ मधली ती रात्र अनेकांना आठवत असेल. नाशिकहून सहा दिवस पायी आलेले हजारो शेतकरी ११ तारखेला मुंबईत पोचले होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. दिवसा मोर्चा काढला तर रस्ते अडतील आणि पोरांना परीक्षेला पोचता येणार नाही, म्हणून पायाला फोड आलेली ती माणसं मध्यरात्रीच उठली आणि शीवहून चालत पहाटे आझाद मैदानात जाऊन बसली. सकाळी शहर जागं झालं तेव्हा रस्ते मोकळे होते. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला वाटल्या. सोललेल्या तळव्यांचे फोटो घरोघरी पाहिले गेले.

त्या पायांबद्दल सगळे बोलले. मागणीबद्दल फार थोडे बोलले, आणि ते मला अजून लागतं. कर्जमाफीचा मोर्चा असेल, असं बहुतेकांनी धरून चाललं. पण चालणाऱ्यांत मोठ्या संख्येने आदिवासी होते, सुरगाणा-पेठ-दिंडोरीकडचे, पालघर-ठाण्याकडचे. त्यांची पहिली मागणी होती : पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली वनजमीन आमच्या नावावर करा.

पिढ्यान्‌पिढ्या कसताय, तर मग नावावर कशी नाही? हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याच्या उत्तरात दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय आदिवासींशी आपलं नातं नीट होणार नाही असं मला वाटतं.

राब, दळी आणि एक नोटीस

आपल्याकडे जमीन कुणाची हे सातबारा ठरवतो. सातबाऱ्यावर नाव असलं की तुम्ही मालक. पण सह्याद्रीच्या डोंगरात वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, कोकणा ही माणसं शेती करत होती तेव्हा सातबारा नव्हता. उतारावर नाचणी-वरई घ्यायची. दोन-तीन वर्षांनी जमीन थकली की तिला विश्रांती द्यायची आणि शेजारच्या तुकड्याकडे वळायचं. भाताच्या रोपांसाठी झाडाच्या फांद्या-पाला आणून वाफ्यावर जाळायचा, त्याला ‘राब’ म्हणतात. जंगलातून मोह, हिरडा, मध, कंद, औषधी मुळ्या आणायच्या. कुठला डोंगर कुठल्या गावाचा, कुठलं झाड तोडायचं नाही, हे गावाला ठाऊक असायचं.

इंग्रजांना लाकूड हवं होतं. आधी जहाजांसाठी साग, मग रेल्वेसाठी स्लीपर. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला धावली आणि पुढच्या काही दशकांत रुळांखाली घालायला लाकूड पुरेना. १८६५ ला पहिला वन कायदा आला, १८७८ ला तो कडक झाला आणि १९२७ चा वन कायदा तर आजही लागू आहे.

हा कायदा काम कसा करतो ते नीट पाहू, कारण सगळी गोम तिथे आहे. सरकार जाहीर करतं की अमुक डोंगर ‘राखीव वन’ करायचा आहे. एक अधिकारी नेमला जातो. गावात जाहीरनामा लागतो : इथे कुणाचा काही हक्क असेल तर मुदतीत लेखी कळवा, नाहीतर समक्ष येऊन सांगा. मुदत काही महिन्यांची. जो हक्क कुणी सांगितला नाही, तो कायद्याने संपतो.

आता त्या डोंगरातल्या माणसाच्या जागी उभे राहा. तुम्हाला वाचता येत नाही. कचेरी दोन दिवसांच्या वाटेवर आहे. तिथे बसलेल्या माणसांना तुमची बोली कळत नाही आणि तुम्हाला त्यांचं भय वाटतं. शिवाय ‘हक्क सांगायचा’ म्हणजे काय करायचं? डोंगर कुणाच्या नावावर असतो, ही कल्पनाच तुमच्या जगात नाही. अधिकाऱ्याने पाहणी केली तरी विश्रांतीला सोडलेली जमीन त्याला ‘पडीक’ दिसते. मुदत संपते. कालपर्यंत तुम्ही जिथे राब भाजत होता, तिथेच आज तुम्ही गुन्हेगार ठरता. तुम्ही जागचे हलला नाहीत. कागदाने जंगल तुमच्या पायाखालून काढून घेतलं.

या गुन्ह्याला नाव मिळालं ‘अतिक्रमण’. स्वातंत्र्यानंतर सरकार बदललं, कायदा तोच राहिला. कुठे एका वर्षाच्या कराराने ‘एकसाली’ प्लॉट मिळाले, रायगडात कातकरी-ठाकरांना ‘दळी’ म्हणजे डोंगरउतारावरच्या वनजमिनी कसायला मिळाल्या. मालकी मात्र वनखात्याचीच. नांगर जप्त होणं, उभ्या पिकात गुरं घालणं, दंडाची पावती फाटणं हे डोंगरातल्या अनेक पाड्यांवर वर्षानुवर्षं चाललं.

त्या पावत्यांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, हे शब्द त्या कायद्याच्या प्रास्ताविकेतच आहेत. भारताच्या संसदेने असं लेखी कबूल करणं ही लहान गोष्ट नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला कसत असलेल्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, हक्क मिळतो. मग प्रश्न आला पुराव्याचा. लोकांनी ट्रंकेतून, आढ्याला बांधलेल्या पिशव्यांतून काय काढलं असेल? दंडाच्या पावत्या. आजोबांना कधीतरी झालेला दंड हाच आजोबा तिथे होते याचा सरकारी पुरावा ठरला.

या कायद्याची मला सर्वात आवडणारी बाजू म्हणजे तो कागदाच्या पलीकडचंही मानतो. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो. जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा हेही पुरावे असतात. दाव्याची सुरुवात कचेरीत होत नाही, ती ग्रामसभेत होते. गावाची वनहक्क समिती पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते आणि मग प्रकरण उपविभाग व जिल्हा समितीकडे जातं.

कायदा चांगला असला तरी दावे फेटाळले जातात, वर्षानुवर्षं पडून राहतात, चार एकर कसणाऱ्याला काही गुंठे मंजूर होतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला आणि देशभर गदारोळ झाल्यावर त्याच महिन्याच्या शेवटी त्याला स्थगिती दिली. २०१८ च्या मोर्च्याला लेखी आश्वासन मिळालं होतं. तरीही मार्च २०२३ मध्ये नाशिकहून पुन्हा माणसं चालत निघाली आणि वासिंदपर्यंत आली.

जंगल गेलं, मग शेतही गेलं

वनखात्याने डोंगर घेतला आणि सपाटीवरची जमीन सावकार-जमीनदारांनी. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. हिशोब जमीनदाराच्या वहीत, त्यामुळे कर्ज फिटत नसे. मे १९४५ मध्ये झरी गावात वारल्यांनी सभा घेतली आणि वेठ करायची नाही असं ठरवलं. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होत्या. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार मारले गेले. मुंबईहून लोकलने गाठता येणाऱ्या जिल्ह्यातली, आपल्या आजोबांच्या तरुणपणातली ही गोष्ट. मी शाळेत असताना ती माझ्या पुस्तकात नव्हती.

पुस्तकात तेव्हा आणखीही बरंच नव्हतं. नागपूर कुणी वसवलं? देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा. जव्हारचं मुकणे राजघराणं महादेव कोळ्यांचं. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या फौजेला कोंढाण्यावर कित्येक महिने रोखून धरणारा नाग नाईक कोळी होता. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना किती जणांना हे ठाऊक असतं?

इंग्रजांशी लढलेल्यांची यादी मोठी आहे. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, म्हणजे १८५७ च्या नऊ वर्षं आधी. बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपुरात फाशी दिली गेली. सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी भिल्लांची फौज उभी केली. उरणजवळ चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळी लागून नाग्या महादू कातकरी हुतात्मा झाला. इंग्रजी दप्तरांत यांतल्या अनेकांना दरोडेखोर म्हटलेलं आहे. १८७१ च्या कायद्याने तर काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण त्याचा वास आपल्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. ‘काय भिल्लासारखा राहतोस’ हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकलं आहे.

नावं

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे १ कोटी ५ लाख लोक मोजले गेले, राज्याच्या लोकसंख्येत साधारण ९.४ टक्के. ‘अनुसूचित जमाती’ हा सरकारी शब्द. ‘आदिवासी’ हा लोकांनी स्वतःसाठी उचललेला शब्द. १९३०च्या दशकात छोटा नागपूरमध्ये, म्हणजे आजच्या झारखंडच्या भागात, आदिवासी महासभा उभी राहिली आणि हे नाव राजकीय ओळख म्हणून पुढे आलं. ‘वनवासी’ हा शब्द अनेक आदिवासींना खटकतो, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे : वनात राहणारा म्हटलं की वन सोडलं तर ओळख संपली, आणि ‘आदी’ म्हणजे आधीपासूनचे हा दावाही पुसला गेला. समोरचा माणूस स्वतःला काय म्हणवतो ते विचारावं आणि तेच म्हणावं. बऱ्याचदा तो ‘आदिवासी’ही म्हणत नाही. मी वारली, मी माडिया, मी पावरा असं सांगतो.

आणि हे सगळे एकसारखे नाहीत. वारली आणि कातकरी बोली मराठीच्या नात्यातल्या. गोंडी, माडिया, कोलामी द्राविडी भाषा, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या कुळातल्या. मेळघाटातली कोरकू तर तिसऱ्याच, मुंडा कुळातली. भामरागडच्या माडिया मुलाला पहिलीत मराठी पुस्तक मिळतं तेव्हा ते त्याच्यासाठी परक्या भाषेतलं असतं. ते मूल गप्प बसलं की आपण ‘हुशारी कमी’ असा शेरा मारतो. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे एक कोटीहून जास्त होते आणि संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारांच्या आत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, संस्कृत आहे, भिली नाही. संस्कृतबद्दल माझी काही तक्रार नाही. एक कोटी माणसांची भाषा यादीबाहेर राहू शकते याचं मात्र मला दुःख होतं.

‘भारतात तर सगळेच मूळनिवासी, मग यांनाच वेगळं का?’ असं विचारणारे भेटतात. सरकारची भूमिकाही साधारण हीच आहे. १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांत मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा आला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं, पण आमचे सगळेच नागरिक मूळचे असं सांगत दिलं. विरोधात मत देणारे चार देश होते : अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. मला वाटतं ‘आधी कोण आलं’ हा वाद घालत बसलो तर हाती काही लागत नाही. कुणाची जमीन, जंगल आणि भाषा कुणाच्या कायद्याने हिरावली गेली, हा प्रश्न विचारला तर उत्तर स्पष्ट मिळतं.

लोकशाही कुणी कुणाला शिकवायची

१९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेत जयपाल सिंह मुंडा बोलायला उभे राहिले. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, ऑक्सफर्डला शिकलेले. आपण ‘जंगली’ असल्याचा अभिमान आहे असं त्यांनी सांगितलं, आणि आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, लोकशाहीची रीत तुम्हीच त्यांच्याकडून शिकायला हवी, असंही ठणकावलं.

हे भाषणापुरतं नव्हतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे छोटं गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. तिथे बहुमताने निर्णय होत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा बसते, लागल्यास पुन्हा पुन्हा बसते. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलात बांबू होता. बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि परवाना वनखातं देईना. बांबू हे झाड की गवत, यावर वाद चालला! वनहक्क कायद्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपज आहे, म्हणजे मध-मोहासारखं जंगलाचं उत्पन्न, आणि म्हणून तो गावाचा. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्या हाती, ग्रामसभेकडे सोपवलं. ज्यांना शंभर वर्षं ‘जंगल तोडणारे’ म्हटलं, त्यांच्या सहीने जंगलाचा माल बाहेर पडू लागला.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांच्या काही भागांत, १९९६ चा ‘पेसा’ हा पंचायतींविषयीचा कायदाही लागू आहे. तोही ग्रामसभेलाच मध्यभागी ठेवतो. ओडिशात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नियमगिरी डोंगरातल्या प्रस्तावित खाणीबद्दल बारा ग्रामसभांना विचारलं गेलं. बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि तिथे खाण झाली नाही.

आपण कसं वागायचं

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक ‘आदिवासी नृत्य’ असायचं. कमरेला पानं, डोक्यात पिसं, हातात भाला आणि अर्थहीन आरोळ्या. टाळ्या भरपूर. खऱ्या तारप्याचा नाच मी पहिल्यांदा पाहिला तो बऱ्याच वर्षांनी. भोपळ्याच्या त्या वाद्याभोवती बायका-पुरुष एकमेकांना धरून गोल फिरत होते, वाजवणाऱ्याकडे पाठ न फिरवता. इतकी शांत लय असते त्यात. त्या रात्री शाळेच्या मंचावरच्या आरोळ्या आठवून मान खाली गेली.

तुमच्या मुलांच्या शाळेत अजून तसा नाच बसवत असतील, तर बाईंशी बोला. वारली चित्राचं कुशन कव्हर घेतलंत तर ते कुणी काढलं ते विचारा. लग्नघरात सवाष्णी तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लग्नचौक काढतात, त्यात पालघट देवी असते आणि धवलेरी बाई लग्न लावते. ती पूजेची गोष्ट आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगभर नेली, २०१४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही छापील नकला विकणारे दुसरेच असतात.

पावसाळ्यात भंडारदरा, जव्हार, विक्रमगडकडे गाड्या भरून जाताना पाड्यावरच्या अंगणात न विचारता कॅमेरा नेऊ नका. जुने कपडे वाटायचे असतील तर आधी तिथल्या कुणाला तरी हवे आहेत का विचारा, आणि वाटतानाचे फोटो काढू नका. ‘यांना मुख्य प्रवाहात आणलं पाहिजे’ हे वाक्य तर आपण सोडूनच द्यावं. त्यात प्रवाह आपलाच आणि बाकीचे काठावर, असं गृहीत आहे. वाघोबाला शेंदूर लावून वाघासोबत जंगल वाटून घेणाऱ्या माणसाकडे स्वतःचा प्रवाह आहे.

नातं जोडायचं म्हणताना मला वाटतं ते आधीपासून आहेच, आपल्या घरच्या नळातून. मुंबईचं पाणी येतं भातसा, तानसा आणि वैतरणेच्या धरणांतून, म्हणजे शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांतून. त्याच शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. बाया हंडे घेऊन उतार चढतात आणि खाली धरण भरलेलं दिसतं. आता वाडा तालुक्यात गारगाई धरणाची योजना आहे, तेही मुंबईसाठीच. पुढच्या वेळी त्याची बातमी वाचाल तेव्हा किती दशलक्ष लिटर पाणी मिळणार हे पहिल्या ओळीत असेल. ओगदा आणि आजूबाजूच्या पाड्यांच्या ग्रामसभांनी काय ठराव केला, ते कितव्या ओळीत आहे, तेही शोधा.